टॉवेल चौदा नंबरचा

टॉवेल मिळाला म्हणजे मिळाला, पण ज्या पद्धतीने मिळाला त्यामुळे डोकं अजून तापलेलंच आहे. मित्राच्या शिडाच्या बोटीवरून भटकत होतो, वाटेत एक चकाचक रिसॉर्ट लागलं, त्यांचीच मरीना (बोटी लावायचा धक्का), आणि मरीनात बोट लावली की वॉटरपार्क फुकट. फुकट म्हटल्यावर कॅप्टनने लगेच सुकाणू वळवलं.

आता टॉवेलचं एवढं काय, असं जमिनीवर राहणाऱ्यांना वाटेल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते टॉवेलमध्ये एकदा शिरलं की हवेतला ओलावा ओढत बसतं, त्यामुळे बोटीवरचा टॉवेल एकतर दमट नाहीतर कडक, मधली अवस्थाच नाही. गोड्या पाण्यात धुवायचा तर गोडं पाणी येतं यंत्रातून, जे खारं पाणी साधारण ५५ बार दाबाने मीठ अडवणाऱ्या पडद्यातून ढकलतं, तासभर घरघरतं, बॅटरी खातं आणि बदल्यात कॅप्टनला कंजूष बनवतं. मी आंघोळीला गेलो की हा बाहेरून "झालं का?" विचारणार. अरे, अजून साबण लावतोय!

तर मऊ, कोरड्या टॉवेलच्या आशेने मी काउंटरवर गेलो.

"रूम नंबर, सर?"
"रूम नाही, बोट आहे."
"बरं. कुठल्या टॉवरमध्ये?"
"पाण्यात."
"सी व्ह्यू का सर?"
"व्ह्यू नाही हो, सीच."

त्याने ते पण टाइप केलं! मशीनने घेतलं नाही. मग मजला विचारला. पोरगा इतका नम्र की चिडायची पण सोय नाही, आणि खरं सांगतो, उद्धट माणूस परवडला, त्याच्याशी निदान भांडता तरी येतं. मी म्हटलं मरीनात जागा नंबर चौदा आहे बघ. त्याने चौदा टाकलं आणि एकदम खूश झाला.

"सर, चौदाने टॉवेल घेतलाय."
"आम्ही नाही घेतला."
"पण चौदाने घेतलाय ना सर."

तेवढ्यात मागून आवाज आला, "चौदा मी आहे." मोठा गॉगल, मोठी टोपी, हातात घडी न मोडलेला टॉवेल. बाईंना सगळं समजावलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं (दाढीत मीठ होतं, मान्य) आणि विचारलं, "तुम्ही बोटीतच झोपता?" मी हो म्हटलं. "स्वतःहून?" मी परत हो म्हटलं. मग त्यांना दया आली, चौदाच्या खात्यावर अजून एक टॉवेल देऊ शकतो असं पोरगा म्हणाला, त्यांनी सही केली आणि टॉवेल माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "परत मलाच द्यायचा. आणि फार ओला करू नका."

टॉवेल. फार ओला करू नका.

बरं, एवढ्यावर थांबल्या का? छे. मी लाटांच्या तलावाकडे गेलो तर बाई मागे. खुर्चीवर टॉवेल ठेवला तर शेजारच्या खुर्चीत बाई. भोंगा वाजला, भिंतीमागच्या खोल्यांमधून दाबाने हवा सुटायला लागली, पाणी हलायला लागलं, तशा ओरडल्या, "जपून हं, लाटा आहेत!" इतके दिवस समुद्रात काय इस्त्री केलेलं पाणी होतं? बोटीवरून उतरल्यापासून जमीनच हलत होती, ती नेमकी त्या तलावात उभं राहिल्यावर थांबली, तर काठावरचा लाइफगार्ड मला खुणेने सांगतोय, उथळात या. वर बायकोने माहिती दिली की तलावाला जो क्लोरीनचा वास येतो तो नुसता क्लोरीनचा नसतो, क्लोरीन आणि लोकांचा घाम, मूत्र वगैरे एकत्र झाल्यावर तसा येतो. वास चांगला दणदणीत होता. मी बाहेर आलो.

आणि मग मात्र हसू येईना. स्लाइडवरून दिवसभर धो धो पाणी चाललंय, आणि धक्क्यावर आम्ही टाकी भरायला नळ सोडला तर त्याला मीटर! विजेला वेगळा मीटर. भाडं बोटीच्या लांबीवर, म्हणून टेप लावून मोजली, तर पुढे नांगर जेवढा बाहेर आलाय तोही धरला आणि मागे टांगलेली रबरी डिंगी, म्हणजे छोटी होडी, तीही धरली. कॅप्टन म्हणतो सोड रे, बहुतेक मरीनांत असंच मोजतात. मोजू देत ना, पण पैसे घेताना नांगरासकट दिसणारी बोट टॉवेल देताना सिस्टीममध्ये का सापडत नाही?

फीडबॅक फॉर्म मागितला. पहिलाच रकाना रूम नंबर, लाल फुली मारलेला, भरल्याशिवाय पुढे जाऊच देईना. मी चौदा टाकलं आणि पोटभर लिहिलं. बाईंना आता मॅनेजरचा फोन आला तर त्यांचं त्या बघतील.