घाबरणारा पडत नाही?

'साठी उलटली की पडायची भीती असलेलीच बरी. घाबरणारा जपून चालतो, खाली बघून चालतो, म्हणून पडत नाही. आणि कामाशिवाय चालूच नये.' हा निरोप व्हॉट्सॲपवर कितीतरी जणांनी पुढे पाठवला आहे. काळजीपोटीच पाठवला असणार, पण त्यातला सल्ला घातक आहे.

'जपून चालतो' हे आधी घेऊ, कारण खरी गफलत इथेच आहे. भ्यालेल्या माणसाची पावलं आखूड होतात, दोन पायांतलं अंतर वाढतं, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले राहण्याचा वेळ लांबतो. ओल्या फरशीवर हे ठीकच. उंच कडेवर तरुणही असेच चालतात. पण रोजच्या सपाट वाटेवरही तसंच चालू लागलं, की पाऊल पुरेसं उचललं जात नाही आणि छोट्याशा उंबऱ्यालाही अडखळतं. घोट्याचे पुढचे-मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जाऊन शरीर ताठरतं. ठेच लागली की माणूस झटकन एक मोठं पाऊल टाकून सावरतो. ताठरलेल्या शरीराला नेमकं तेच जड जातं.

पायाकडेच बघत राहिलं, तर चार पावलांवरचा अडथळा दिसणार कसा?

'घाबरणारा पडत नाही' हेही खरं नाही. सिडनीतल्या सत्तरी ते नव्वदीतल्या ५०० जणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराचा प्रत्यक्ष धोका आणि मनातली धास्ती, दोन्हींचा पुढच्या पडण्याशी स्वतंत्र संबंध दिसला. धोका जास्त असूनही न धास्तावलेले लोक हिंडतेफिरते होते आणि त्यांचं पडणं तुलनेने कमी होतं.

'कामाशिवाय चालू नये' हा तर सगळ्यात वाईट भाग. न चालल्याने मांड्या-पोटऱ्या अशक्त होतात, तोल बिघडतो, आणि कालपर्यंत नुसती वाटणारी भीती खरी ठरू लागते. उलट तोलाचे आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींचे व्यायाम नियमित केले तर पडण्याचं प्रमाण जवळपास चतुर्थांशाने घटतं, असं शंभरहून अधिक चाचण्यांच्या २०१९ मधल्या आढाव्यात दिसलं.

भीतीला कारण असूच शकतं: चक्कर, अधू नजर, झोपेच्या गोळ्या. ते डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवं. पण आईला 'पडशील, बसून राहा' म्हणण्याआधी 'नेमकी कुठल्या पायरीवर भीती वाटते?' एवढं विचारा. तिथे कठडा लावा, उजेड करा, आणि सुरुवातीचे काही दिवस तिच्यासोबत चाला.