आधी फोटो मोठा करून बघा

ई-चलान, म्हणजे फोटोवरून येणारा वाहतूक दंड, आलं की "पाचशे रुपयांसाठी कोण खेटे घालणार, भरून मोकळे व्हा" हा लेखातला सल्ला अर्धाच पटला. मागच्या वर्षी मला विनाहेल्मेटचं ई-चलान आलं. फोटो मोठा करून बघितला तर काळी मोटारसायकल, आणि माझी तर पांढरी स्कूटर! नंबरातल्या 3 चा 8 वाचला होता. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवरच तक्रारीची सोय आहे. गाडीचा फोटो जोडून पाठवला, दहा मिनिटांचं काम. तीनेक आठवड्यांनी चलान रद्द. झेब्रा क्रॉसिंगवर चाक गेल्याचं चलान मात्र मुकाट भरलं. चाक पट्ट्यांवर स्पष्ट दिसत होतं, भांडायला तोंड कुठाय? (बायको मागेच बसली होती, ती अजून ऐकवते.) लोकअदालतीतल्या सवलतीची वाट बघत बसणाऱ्यांनो, गाडी विकायला काढलीत की हेच थकलेलं चलान आडवं येतं.