गल्ला मुंबईत, म्हणून कमाईही मुंबईचीच?

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला तीन ठिकाणांहून आला: सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर आणि शेवटी भाच्याकडून. पहिल्या दोन वेळी मी तो न वाचताच पुढे गेलो. भाचा मात्र पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो, आणि त्याने तो मजकूर अर्थशास्त्राच्या टाचणवहीत लाल शाईची चौकट आखून उतरवून घेतला होता. त्या पानाचा फोटो पाठवून त्याने विचारले होते, "मामा, हे निबंधात वापरलं तर चालेल ना?" चालणार नाही. का चालणार नाही, हे फोनवर सांगताना माझा आवाज चढला, म्हणून आता लिहून काढतो आहे.

संदेश थोडक्यात असा. देशाच्या आयकरापैकी 33 टक्के, सीमाशुल्कापैकी 60 टक्के, केंद्रीय उत्पादन शुल्कापैकी 20 टक्के, करमणूक करापैकी 45 टक्के आणि परदेशी व्यापारापैकी 40 टक्के वाटा एकट्या मुंबईचा आहे. शिवाय ती 4,000 कोटी रुपये कॉर्पोरेट कर भरते. म्हणजे मुंबई देशाला पोसते आणि बाकीचा महाराष्ट्र तिच्या जिवावर फुकट खातो. तेव्हा मुंबई केंद्रशासित करा, तिचा कर तिच्यातच राहू द्या, दहा वर्षांत सिंगापूर होईल.

ही आकडेवारी कोणत्या वर्षाची आहे हे संदेशात कुठेही नाही, पण तिचे वय लपत नाही. करमणूक कर आणि बहुतेक वस्तूंवरील केंद्रीय उत्पादन शुल्क 1 जुलै 2017 रोजी वस्तू आणि सेवा करात विलीन झाले. उत्पादन शुल्क आता प्रामुख्याने पेट्रोल, डिझेल आणि तंबाखूपुरते उरले आहे. करमणूक कर तर राज्यसूचीतला विषय होता. तो केंद्राच्या तिजोरीत जातच नव्हता, मग त्यातून देश पोसला जाण्याचा प्रश्न येतो कुठे? सर्वांत गमतीचे आहेत ते 4,000 कोटी. 2023-24 मध्ये देशात कॉर्पोरेट कराची वसुली नऊ लाख कोटी रुपयांच्या वर होती. तिच्यात 4,000 कोटी म्हणजे अर्धा टक्काही भरत नाही. एकाच परिच्छेदात मुंबई आयकराचा तिसरा हिस्सा भरते आणि कॉर्पोरेट कराचा अर्धा टक्कासुद्धा भरत नाही, असे दोन्ही लिहिले आहे, आणि तो परिच्छेद पुढे ढकलणाऱ्या हजारो सुशिक्षित माणसांपैकी एकालाही भागाकार करावासा वाटलेला नाही. माझ्या सोसायटीच्या गटात दोन सनदी लेखापाल आहेत. त्यांनी टाळ्यांची चिन्हे पाठवली होती.

आता 33 टक्क्यांकडे वळतो, कारण सगळा डोलारा त्याच आकड्यावर उभा आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या राज्यवार तक्त्यांत महाराष्ट्राच्या नावावर एक तृतीयांशाहून अधिक वसुली दिसते आणि तिच्यातला मोठा भाग मुंबईचा असतो. प्रश्न एवढाच आहे की तो तक्ता नेमके काय मोजतो. तो कर कुठे जमा झाला ते मोजतो, उत्पन्न कुठे निर्माण झाले ते नाही. मी स्वतः बावीस वर्षे एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात होतो. आमचा कारखाना चाकणला होता, दुसरा नाशिकजवळ, आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे आम्ही एकंदर अकरा माणसे बसत होतो. जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेला आगाऊ कराचे चलन त्या तिसऱ्या मजल्यावरून भरले जायचे. चाकणच्या कामगारांच्या पगारातून कापलेला टीडीएससुद्धा मुंबईच्याच खात्यावर जायचा. सरकारी तक्त्यात तो सगळा पैसा मुंबईने भरलेला कर होता. यंत्राजवळ उभे राहून घाम गाळणारी माणसे खेड तालुक्यात आणि कर मात्र अकरा खुर्च्यांच्या नावावर!

आमची कंपनी लहान होती. स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम, रिलायन्स या सगळ्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. औशाच्या शाखेत शेतकऱ्याने भरलेले व्याज, गोंदियात घेतलेल्या विमा पॉलिसीचा हप्ता, जामनगरच्या शुद्धीकरण कारखान्यातला नफा, हे सगळे ताळेबंदात एकत्र होऊन कराच्या रूपाने मुंबईत उतरते. गल्ला दुकानाच्या दर्शनी भागात असतो म्हणून माल तिथेच तयार होतो, असे कोणी म्हणत नाही.

मग मुंबईची खरी कमाई किती? यासाठी मी एकच कागद पुढे ठेवतो, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे. नीती आयोगाने ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई महानगर प्रदेशाचा आर्थिक आराखडा प्रसिद्ध केला. त्यात या प्रदेशाचे सकल उत्पादन सुमारे 140 अब्ज डॉलर, म्हणजे साधारण 12 लाख कोटी रुपये धरले असून ते 2030 पर्यंत 300 अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. त्या सुमारास देशाचे सकल उत्पादन 295 लाख कोटींच्या आसपास होते. भागाकार केला तर उत्तर चार टक्के येते. शिवाय हे चार टक्के कुलाबा ते दहिसर अशा मुंबईचे नाहीत. महानगर प्रदेशात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल धरून नऊ महापालिका आणि सहा हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्र येते. आयकरात तेहतीस आणि उत्पादनात चार, या दोन आकड्यांमधले बरेचसे अंतर मुख्यालयांचे आहे. थोडे अंतर मुंबईत पगार आणि नफा जास्त असल्यामुळेही पडते, हे मान्य. पण ते आठपट नाही.

सीमाशुल्काचे फार बोलत नाही. न्हावाशेव्याला उतरणाऱ्या कंटेनरमधला माल इंदूरचा, नागपूरचा, लुधियानाचा असतो, शुल्क तिथला आयातदार भरतो आणि शेवटी ते ग्राहकाच्या खिशातून जाते. शिवाय न्हावाशेवा मुंबईत नाही, ते रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे.

मला खरा राग आला तो "बाकीचा महाराष्ट्र फुकट खातो" या वाक्याचा. हे वाक्य लिहिणाऱ्याने त्या सकाळी तोंड कोणत्या पाण्याने धुतले होते? मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार आणि तुळशी हे दोन शहराच्या हद्दीत आहेत आणि त्यांचा वाटा अगदी किरकोळ आहे. बाकीचे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येते, आणि निम्म्याच्या आसपास एकट्या भातसा धरणातून. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच शहापूर तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत गावोगाव टँकर फिरतात. माझ्या बहिणीचे सासर त्या भागात आहे. टँकर थांबला की विहिरीत नळी सोडतात आणि पाणी आत पडू लागताच चाळीस-पन्नास बायका दोर टाकून गढूळ पाणी उपसू लागतात, हे मी विहिरीच्या काठावर उभे राहून पाहिले आहे. तिथून काही किलोमीटरवर मुंबईला जाणारी, माणूस उभा राहील एवढ्या व्यासाची जलवाहिनी आहे. फुकट कोण खाते हे त्या काठावर उभे राहून ठरवावे.

विजेचीही हीच कथा आहे, आणि ती शंभर वर्षांची आहे. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो मावळातली भातखाचरे ज्या धरणाखाली जाणार होती त्याविरुद्ध. धरण झाले. त्याचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडून जी वीज तयार झाली ती मुंबईसाठी होती. नवी मुंबई आणि न्हावाशेवा बंदरासाठी उरण-पनवेलच्या आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या, 1984 साली त्यांनी त्यासाठी गोळ्या झेलल्या, आणि गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडासाठी पुढची कित्येक वर्षे खेटे घातले. यातले काहीही करवसुलीच्या तक्त्यात दिसत नाही, कारण त्या तक्त्याला तसा रकानाच नाही.

आता जे खरे आहे ते नाइलाजाने मान्य करतो. केंद्रीय करांच्या वाटपात महाराष्ट्राला कमी मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांना द्यायच्या 41 टक्क्यांत महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के ठरवला, तर 2011 च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत आपला वाटा नऊ टक्क्यांहून अधिक आहे. उपकर आणि अधिभार तर वाटपात येतच नाहीत. शहराच्या हातात पैसा नाही, हेही खरे. जकात 2017 मध्ये गेल्यावर मुंबई महापालिका भरपाईच्या धनादेशावर अवलंबून झाली, आणि मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षे तिथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. राज्यघटनेच्या 243 झेडई या अनुच्छेदाने महानगर नियोजन समिती सांगितली आहे, जिचे किमान दोन तृतीयांश सदस्य महानगरातल्या नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. ती जागेवर असती तर नीती आयोगाच्या आराखड्यावर वसईचा आणि पनवेलचा प्रतिनिधी समोरासमोर बसून भांडला असता. भांडायचे तर या मुद्द्यांवर भांडा. तिथे मी तुमच्या बाजूला येऊन बसेन.

पण संदेश मागतो काय, तर केंद्रशासित प्रदेश. अनुच्छेद 270 खाली करांचा वाटा राज्यांना मिळतो, केंद्रशासित प्रदेशांना नाही. दिल्लीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. प्रत्यक्ष करवसुलीत दिल्ली महाराष्ट्राच्या मागोमाग येणाऱ्यांत आहे, आणि करवाट्याच्या बदल्यात तिला मिळणारे अनुदान 2001-02 पासून वर्षानुवर्षे 325 कोटी रुपयांवर अडकून राहिले. म्हणजे आपला कर आपल्याकडे राहावा म्हणून ज्या दारातून आत शिरायचे म्हणतात, त्याच दारावर वाटा मिळणार नाही अशी पाटी आहे.

सिंगापूरचे म्हणाल, तर सिंगापूर आपल्या पाण्याचा मोठा हिस्सा शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून 1962 च्या करारानुसार विकत घेते. तो करार 2061 मध्ये संपतो आणि त्याच्या दरावरून दोन देशांत आजही कुरबुर चालते. मुंबईचे सिंगापूर झालेच तर पहिला करार शहापूरशी करावा लागेल, आणि दर माझ्या बहिणीच्या गावाने ठरवावा अशी माझी सूचना आहे.

भाच्याला हे सगळे लिहून पाठवले. त्याचे उत्तर रात्री उशिरा आले, वहीच्या त्याच पानाच्या फोटोसह. लाल चौकट तशीच आहे, 4,000 कोटींवर काट मारली आहे आणि 33 च्या शेजारी पेन्सिलीने "वसुली" असे लिहिले आहे. खाली प्रश्न आहे: "मामा, क्लासच्या नोट्समध्ये पण हेच आकडे आहेत, सरांना सांगू का?"

सांग म्हटले.