हळूच पाडतो, पात्रांव

शनिवारी दुपारी एका वायरमनने माझी इज्जत काढली आणि वर त्याचं बिलही लावलं. बिलावर नंतर येतो.

मी गोव्यात फोंड्याला तिस्कजवळ एका औषधांच्या होलसेलरकडे डेटाबेस सांभाळतो. म्हणजे अपॉइंटमेंट लेटरवर तसं लिहिलंय, बाकी प्रिंटरमध्ये कागद अडकला, मालकांच्या मुलाचा मोबाईल चार्ज होईना, सगळं माझ्याच गळ्यात. तर यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या होत्या, त्या बदलायच्या तर सर्व्हर बंद करणं आलं आणि बिलिंग थांबलेलं असतं असा वेळ आमच्याकडे एकच, दुपारी एक ते चार, जेव्हा अख्खा फोंडा जेवून आडवा झालेला असतो. श्रावण असल्यामुळे नुस्तं, म्हणजे मासे, नव्हतं, पण झोप वरण-भातावरही तेवढीच लागते.

आता, चालू धंद्यातला डेटाबेस बंद करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे, हे मी सहा वर्षं सांगतोय आणि कोणी ऐकत नाही. आमच्याकडे पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. तो बंद करायच्या तीन तऱ्हा, स्मार्ट, फास्ट आणि इमिजिएट. गोव्यातल्या घरातून पाहुणे उठताना ज्याने बघितलेत त्याला हे समजावायला नको. 'येतो हं' म्हणून मंडळी उठतात आणि बाहेर सोप्यावर येऊन पुन्हा बसतात, तिथे तास जातो. स्मार्ट म्हणजे यजमान फाटकातून नवीन माणूस आत घेत नाही, पण बसलेल्यांना 'उठा' असंही म्हणत नाही, वाट बघत राहतो. फास्ट म्हणजे आजी बाहेर येते, सोप्यावरचा दिवा घालवते, ज्याची गोष्ट अर्धी राहिली त्याने ती सांगितलीच नाही असं धरायचं, मग आजी भांडी आवरून कडी लावून झोपते. इमिजिएटमध्ये आजी सगळं तसंच टाकून आत जाते, भांडी सकाळी उठल्यावर. २०१६च्या जानेवारीत ९.५ व्हर्जन आलं तेव्हापासून काही न सांगता बंद केलं तर फास्टच होतं, एवढं शहाणपण त्या लोकांना आलं. पण आमची बंद करायच्या कमांडची स्क्रिप्ट त्याच्या आधीची. ती ज्याने लिहिली तो पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेला, जाताना त्यात ठळक 'स्मार्ट' लिहून ठेवलं आणि वर कॉमेंट टाकली, 'हात लावू नये'. मी सहा वर्षं हात लावला नाही. ही माझी चूक, मान्य.

पावणेदोनला स्क्रिप्ट मारली. स्क्रीनवर एकेक टिंब यायला लागलं. साठ सेकंद टिंबं मोजली, मग मेसेज आला की सर्व्हर बंद होत नाहीये, 'फास्ट' वापरून बघा. म्हणजे कुणीतरी आत बसलंय. कोण ते बघायला लॉगिन करायला गेलो तर मलाच आत घेईना, म्हणे डेटाबेस बंद होतोय, नवीन कुणाला प्रवेश नाही. मी! ज्याने बंद करायला घेतला तो! पण कोण असणार ते मला माहीत होतं. अकाउंटंटसाहेबांच्या केबिनला कुलूप, काचेतून आत बघितलं तर मॉनिटरवर बिलिंगची खिडकी उघडी, आणि साहेब म्हार्दोळला घरी. फास्ट मारलं असतं तर त्यांची अर्धवट एन्ट्री उडाली असती. एकदा उडाली होती, तेव्हा ते माझ्याशी दोन महिने फक्त ईमेलवर बोलले, आमच्या टेबलांमध्ये अंतर आठ फूट.

आणि ह्या सगळ्यात वायरमनकाका माझ्या मागे स्टुलावर बसलेले. वय साठीच्या आसपास, कमरेला टेस्टर, हातात माझाच चहा. मला हाक 'पात्रांव', म्हणजे साहेब.

"पात्रांव, पाडू मेन?"

"थांबा काका, डेटाबेस बंद होतोय."

"फ्रीज बंद करतात तसंच ना?"

"नाही हो. मेमरीत असलेला डेटा आधी डिस्कवर लिहायला लागतो. तो लिहून झाला की मग बंद."

काकांनी चहाचा घोट घेतला. "मग आधीच का लिहीत नाय?"

हा प्रश्न इंटरव्ह्यूला विचारतात हो. मी म्हटलं, आता विचारलंय तर सांगावं, दुपारची वेळ आहे, सर्व्हर अजून वाट बघतोच आहे. सांगितलं की काका, जुन्या दुकानात रोजकीर्द असते ना, झालेला व्यवहार आधी तिच्यात उतरवायचा आणि खतावणी मग सवडीने भरायची, तसंच हे. प्रत्येक व्यवहार पक्का होण्याआधी वॉल नावाच्या रोजकीर्दीत जातो. खतावणी मागून भरतात, त्या भरण्याला चेकपॉइंट म्हणतात. आत्ता मी खतावणी पुरी करून, सही-शिक्का मारून, दुकान नीट बंद करतोय.

काकांनी मान डोलावली. मला वाटलं कळलं.

"म्हणजे रोजकीर्दीत सगळं लिवलेलं आसा?"

"आहे."

"मग पाडू?"

मी म्हटलं नको. का नको ते मात्र सांगता येईना, कारण त्यांचं बरोबर होतं. तरी मी प्रयत्न केला, म्हटलं पडला तरी उठेल, पण उठल्यावर रोजकीर्द पहिल्यापासून वाचत बसेल, म्हणजे पहिल्यापासून नव्हे, शेवटच्या चेकपॉइंटपासून, पण वेळ लागेल, आणि सभ्यपणा म्हणून काही असतो की नाही. "बरें," म्हणाले, आणि माझा फोन मागितला. मी अकाउंटंटसाहेबांना लावतच होतो. फोन वहिनींनी उचलला. "ते न्हिदल्यात," एवढंच, असं की मुख्यमंत्र्यांचा फोन असता तरी उत्तर तेच असतं. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. "वयनी, हांव. तो फॅन कसो आसा?" त्यांच्या घरचा सीलिंग फॅन ह्यांनीच बसवलेला निघाला. मग गणपतीच्या माटोळीचं सामान, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन, मग पाऊस. सात मिनिटं. शेवटी वहिनींनी साहेबांना उठवलंच नाही, पण काकांना चवथीला फराळाचं आमंत्रण दिलं.

फोन ठेवला आणि काकांनी न विचारता बोर्डावरचा केबिनचा एमसीबी खाली केला. काचेआडचा मॉनिटर काळा. "घे, गेलो तो. आता?"

आता हे ऐका, कारण ह्याची चीड मला अजून आहे. केबिनमधला कॉम्प्युटर मेला तरी डेटाबेसला कळलं नाही. निघताना 'येतो' म्हटल्याशिवाय गेलेला माणूस गेला असं तो धरतच नाही. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्स, पहिल्यांदा चौकशी करतं ते ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, ही मूळ सेटिंग, आणि ती बदलायची माझी राहिलेली. म्हणजे वाट बघणं चालूच. एन्ट्री मात्र आता कायमची गेली होती, म्हणून फास्ट न मारायचं कारणही गेलं. मी कमांड टाईप करायला घेतली. मायनस एम, फास्ट. एन्टर तेवढा बाकी.

"हळूच पाडतो, पात्रांव. झटका बसचो ना."

आणि खरंच, हो, त्यांनी तो मेन स्विच दोन बोटांनी, झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर सारखी करावी तसा, हळू हळू हळू खाली आणला. अर्ध्यावर थांबून माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग टक्.

पंखे बंद. सगळं शांत. बाहेर पाऊस आणि दूर कुठेतरी मिक्सर.

बॅटऱ्या बसवायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली, त्या पंचवीस मिनिटांत मी मनातल्या मनात राजीनामा लिहिला. मग सर्व्हर चालू केला. लॉगमध्ये आलं की मागच्या वेळी नीट बंद केलेला नव्हता, आपोआप रिकव्हरी चालू आहे. ही ओळ मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होतो. रोजकीर्द वाचून झाली चार सेकंदांत. एकही बिल गेलं नव्हतं. माझी सभ्य पद्धत चाळीस मिनिटं खाऊन संपली नव्हती.

"पळे मरे," काका म्हणाले, "कांय जावंक ना."

काही झालं नाही, बरोबर. पण का नाही झालं? दोन वर्षांपूर्वी बिलिंग स्लो आहे म्हणून मालक म्हणाले होते की ते एफसिंक की काय ते बंद कर, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्पीड वाढतो. वाढतो, खरं आहे, कारण मग रोजकीर्द डिस्कवर पोचल्याची कुणी खात्रीच करत नाही. मी तेव्हा आठवडाभर भांडलो, स्लोचं खापर माझ्यावर फुटलं, त्या वर्षी पगारवाढही 'पुढच्या वर्षी बघू' झाली. ते बंद केलं असतं तर काकांच्या त्या दोन बोटांनी म्हार्दोळपासून सावर्ड्यापर्यंतच्या फार्मसींची उधारी पुसली असती. वीज गेली तरी हातातलं लिहून पुरं करणारी महागडी डिस्क पण मीच मागून घेतली होती, तिच्यासाठी तीन कोटेशनं आणायला लावली. हे कुणाला सांगू? नीट बंद केलेला सर्व्हर कुणाला दिसत नाही, पाडून उठलेला सगळ्यांना दिसतो.

सोमवारी अकाउंटंटसाहेब आले. भीत भीत विचारलं, काही एन्ट्री राहिली होती का? "छे. स्टॉक रिपोर्ट उघडा ठेवला होता. बघायचा राहिला." मालकांना काकांनी सगळी हकीकत आधीच सांगितलेली, तीही माझ्यापेक्षा चांगली. मालक म्हणाले, पुढच्या वेळी त्यांनाच बोलावून घे, उगाच दुपार घालवू नको.

आणि बिल. वहीच्या कागदावर, निळ्या पेनाने. बॅटरी बदलणे, वायर, दोन लग. आणि खाली वेगळ्या ओळीत, 'सर्व्हर बंद करणे, रु. १००'. मालकांनी पास केलंय. अकाउंटंटसाहेब सकाळपासून तीनदा विचारून गेले, हे शंभर रुपये रिपेअर्सला टाकू की प्रोफेशनल फीला?