चाकं गेली पावडर लावायला

मुंबईत गाडीची चाकं फिरतात कमी आणि घासतात जास्त. मुलुंडहून लालबहादूर शास्त्री मार्गाने निघालं की एका बाजूला मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे, दुसऱ्या बाजूला रिक्षा, आणि मधे जी काही जागा उरते तिला रस्ता म्हणायची पद्धत आहे. समोरून बेस्टची बस अंगावर आली की आपण डावीकडे सरकतो. डावीकडे फुटपाथची सिमेंटची कड आपली वाटच बघत असते. खर्रर्र आवाज येतो. तो टायरचा असेल अशी स्वतःची समजूत घालून आपण पुढे जातो. उतरून बघून करायचंय काय? मागे हॉर्न सुरू झालेले असतात.

अशी काही वर्षं गेल्यावर माझ्या गाडीच्या अलॉय व्हील्सच्या कडा उंदराने कुरतडल्यागत दिसायला लागल्या. त्यात आपली खारट, दमट हवा. लॅकरला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, एकदा चरा पडला की ओल त्याच्याखाली शिरते आणि आतल्या ॲल्युमिनियमवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा पसरत जातात. शाम्पू, पॉलिश, जुना टूथब्रश, सगळं करून झालं. त्या रेषा पुसून जात नाहीत, कारण त्या वर नसतातच.

"अगं, चाकंच ती! रस्त्यावर फिरायला असतात," इति आमचे हे. हा माणूस चपलांनाही पॉलिश करतो. "एवढं वाटत असेल तर कुर्ल्याला जा, सीएसटी रोडवर नवी घे, जुनी देऊन टाक."

जुनी का देऊन टाकायची? कंपनीची चाकं, कुठे तडा नाही, वाकलेली नाहीत. नुसता रंग उडाला म्हणून कोणी घराबाहेर काढायला लागलं तर आमच्या घरात राहणार कोण, हे मी यांच्या डोक्याकडे बघत विचारलं. विषय संपला.

मेकॅनिक म्हणाला, डबा मारून देतो, तासाभराचं काम. म्हणजे स्प्रेचा डबा. तो रंग पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यांनी निघणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, पावडर कोटिंग. म्हणजे कोरडी रंगीत पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजायची. त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि गाडीखाली लावायला चार घोड्या आणून दिल्या.

खरा प्रसंग इथून सुरू होतो. चार चाकं काढून नेलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोड्यांवर उभी राहिली की ती फक्त आपली राहत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हप्ता थकला का गं? हल्ली बँकवाले चाकंच नेतात का?" मी स्वतः बँकेत कर्जवसुलीच्या टेबलावर बसते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळेच त्यांना त्यात जास्त रस होता. वॉचमनने चोरी झाल्याचं स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि त्या रात्री आपण जागेच होतो हे तो मी न विचारताच सांगत होता. घरची गाडी भंगारात काढली असं दूधवाल्याने शेजारच्या बिल्डिंगमध्ये कळवलं. गाडीखाली एक मांजर राहायला आलं.

सेक्रेटरींचा आक्षेप मात्र तात्त्विक होता. "मॅडम, पार्किंग हे वाहनांसाठी आहे. चाकं नसताना याला वाहन म्हणायचं की सामान? सामान असेल तर कॉमन जागेत सामान ठेवायला मनाई आहे." मी म्हटलं, चाकं रंगवायला दिलीयत, येतील. ते म्हणाले, "येतील हे मान्य. पण आत्ता काय?" या प्रश्नाला उत्तर नाही. मी त्यांना चहा दिला.

चाकं तोवर भांडुपला एका इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या गाळ्यात पोचली होती. टायरवाल्याने टायर, व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगची वजनं उतरवून दिली होती. गाळ्याचे मालक मालवणी. मला बघून त्यांनी माझ्या मागे बघितलं. "साहेब नाय इले?"

"गाडी माझी आहे."

"गाडी तुमची, ता बरोबर. पन व्हील म्हटला की माका कापरा भरता," ते म्हणाले. "पॅनेलवालो परवडता. लॉट येता, लॉट जाता, कोण बघूक येणा नाय. व्हीलवालो मात्र टॉर्च घेऊन येता."

माझ्या पर्समध्ये टॉर्च होती. मी ती बाहेर काढली नाही.

मग कळलं की आठवडाभर या गाळ्यात एकच रंग चालतो. इलेक्ट्रिक पॅनेलचा. राल ७०३२, धंद्यातल्या भाषेत सिमेन्स ग्रे. कुठल्याही मीटररूममध्ये डोकावून बघा, भिंतीवर जो धड राखाडी नाही आणि धड बदामी नाही असा रंग असतो, तो हाच असण्याची दाट शक्यता आहे. राल ही जर्मनांची रंगांना नंबर द्यायची पद्धत. १९२७ साली ४० रंगांनी सुरू झाली, आणि आज भांडुपच्या गाळ्यातला पोरगाही रंगाला नावाने हाक मारत नाही. मला हवा होता काळा, म्हणजे ९००५. "काळो शनवारी," मालक म्हणाले. "आधी आख्खो बूथ धुवूक लागता." बूथ म्हणजे पावडर मारायची खोली.

हे मला उगाच नखरे वाटले असते, पण कारण खरं आहे. ओले रंग एकमेकांत मिसळतात. निळ्यात पिवळा गेला की हिरवा होतो. पावडरचं तसं नाही. प्रत्येक कण आपला रंग घेऊन वितळतो. काळ्यात राखाडीचा एक कण गेला तर तो राखाडीच राहणार, तांदळातल्या खड्यासारखा. म्हणून गन, नळ्या, बूथ, सगळं झाडून पुसून घ्यायचं आणि मग काळ्याला हात घालायचा.

शनिवारी मी तिथे स्टूल टाकून बसले. मला हाकलता येत नाही हे कळल्यावर त्यांनी चहा मागवला. एव्हाना चाकांचा जुना रंग केमिकलने उतरवून ब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा करून घासणं, झालं होतं. उघडं, मॅट राखाडी चाक मी पहिल्यांदाच बघत होते. मागच्या बाजूला साच्यातच उमटलेले मापाचे आकडे नव्याने वाचता येत होते, १५ × ५½ जे, आणि पुढच्या कडेवर फुटपाथने केलेल्या खाचा ओळीने मोजता येत होत्या. मी बोट लावायला गेले तर गनवाला पोरगा ओरडला, "मॅडम, हात नहीं!" बोटाचं तेल लागलं की तिथे पावडर नीट धरत नाही. लग्नात नवरीला हळद लावतानाही इतकं सोवळं कोणी पाळत नसेल.

पावडर मारायच्या आधी चाकं नुसतीच ओव्हनमध्ये घातली. ओतीव ॲल्युमिनियमला बारीक छिद्रं असतात, त्यांत हवा आणि वर्षानुवर्षांचं ग्रीस दडून बसतं. ते आधी बाहेर काढलं नाही तर पावडर वितळत असताना खालून बुडबुडे येतात आणि झिलईवर टाचणीने टोचल्यागत भोकं पडतात. धूर निघाला, वास सुटला. भांडुप ते मुलुंडमधली सगळी धूळ त्यात असावी.

माझी खरी धास्ती वेगळीच होती. नट जिथे बसतात त्या तिरक्या खोबणीत आणि चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसवतात त्या भागाला, टेकतं त्या सपाट जागेवर पावडर चालत नाही. थर जेमतेम ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ, पण नटाच्या दाबाखाली तो दबतो, आणि दबला की घट्ट केलेला नट सैल पडतो. पोरगा टेप आणि सिलिकॉनची बुचं घेऊन आला आणि त्याने एका खोबणीकडे बोट दाखवलं. "इसमें भी मारूँ? अच्छा दिखेगा."

"अजिबात नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या गाळ्यातली प्रेस थांबली.

बाकीचं काम बघण्यासारखं असतं. चाक हुकला टांगतात, हुक अर्थिंगला जोडलेला. गनमधून निघणाऱ्या पावडरला हजारो व्होल्टचा विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे ती धातूकडे स्वतःहून धावते, मागच्या बाजूलाही वळून चिकटते. फक्त खोल कोपऱ्यांत जायला तयार नसते. तिथे पोरगा गन तिरकी करून, दाब कमी करून, जवळजवळ मनधरणी करत होता. भाजण्याआधी ती नुसती धूळच. फुंकर मारली तर उडेल.

मग ओव्हन. साधारण २०० अंश, आणि वेळ मोजायची ती चाकाचा धातू तेवढा तापल्यापासून, हवा तापल्यापासून नाही. शिवाय अलॉयला कारखान्यात उष्णतेनेच ताकद आणलेली असते, ते जास्त वेळ जास्त तापलं तर मऊ पडू शकतं. मी हे सगळं मालकांना विचारलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ताई, तुमी नक्की बँकेतच आसात मां?"

चाकं बाहेर आली, गार झाली. काळीभोर, गुळगुळीत. आता मात्र मी टॉर्च काढली. मालकांनी डोळे मिटले. फुटपाथच्या खाचा सोडल्या तर तीन चाकं निर्दोष होती. चौथ्याच्या एका आऱ्यावर, व्हॉल्व्हपासून चार बोटांवर, एक ठिपका. मोहरीपेक्षा लहान. मी टॉर्च जवळ नेली. धड राखाडी नाही, धड बदामी नाही.

सात शून्य तीन दोन.

मालक म्हणाले, परत उतरवून परत मारतो, पुढच्या शनिवारी. मी सेक्रेटरींचा चेहरा आठवला आणि चाकं घेऊन निघाले. टायर चढले, बॅलन्सिंग झालं, नट तिरपे-समोरासमोर आवळले, नट हवा तेवढा आवळला गेला की टॉर्क रेंच नावाचा पाना करतो तो कट्ट आवाज प्रत्येक नटाला ऐकून घेतला. गाडी घोड्यांवरून उतरली तेव्हा मांजर नाराज झालं. संध्याकाळी हे खाली आले. ज्या माणसाला घरातला नवा पडदा तीन महिने दिसला नव्हता, तो गाडीभोवती एक फेरी मारून चौथ्या चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "इथे काहीतरी लागलंय गं," आणि नखाने खरवडायला लागला. निघालं नाही. कोटिंग मजबूत झालंय याची तेवढी खात्री झाली.

५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात. बाहेरगावी हे तासाभरात होतं. माझं ऑफिसला जाता-येता कित्येक दिवस चाललं, आणि तेवढ्यात सोसायटीत बातमी पसरली की मॅडमचा भांडुपला माणूस आहे. काकू गंजलेला चप्पलस्टँड घेऊन आल्या, वर म्हणाल्या, "मी काही हप्त्याचं मनावर घेतलं नव्हतं हं." पहिल्या मजल्यावरून बाल्कनीची कुंड्या ठेवायची जाळी आली. वॉचमनला आपल्या खुर्चीचे पाय काळे हवेत. माझ्या मागच्या सीटवर आता कायम कोणाचं तरी लोखंड असतं.

परवा सेक्रेटरी स्वतः आले. चाकांकडे बघत म्हणाले, "आपल्या मेन गेटचा विचार होतोय." मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, ओव्हन आठ फुटांचा, त्यापेक्षा मोठं गेट आत जायचं नाही. गेट बारा फुटी आहे. तेव्हा गेट कापून न्यावं की ओव्हन मोठा होईपर्यंत थांबावं, आणि मधल्या काळात सोसायटीला गेट आहे असं धरायचं की नाही, हे तीन मुद्दे येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहेत. रंगावर मात्र आत्ताच एकमत झालंय. मीटररूमला मॅच होईल असा.