सही कुणाची

परवा साताऱ्यात माझ्या मामेबहिणीचं सिझर झालं. फॉर्मवर सही नवऱ्याची, खाली साक्षीदार सासरे. ती पूर्ण शुद्धीत, चार हातांच्या अंतरावर कळा देत पडलेली. घरच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं, "तिला विचारलं का?" मामा (निवृत्त हेडमास्तर) म्हणाले, "घर पेटल्यावर परवानगी मागत बसतात का? तुझं लंडनचं खूळ तिकडंच ठेव."

मी लंडनला नाही, लेस्टरला राहते. नऊ वर्षं सांगतेय.

पेटलं असेल तर नका विचारू. पण आदल्या संध्याकाळी आतून तपासताना काय पेटलं होतं? कळांचं सलाइन लावताना? माझ्या बाळंतपणात इथली मिडवाइफ (सुईण) दर वेळी थांबायची, "तपासू का?" नको म्हटलं की हातमोजे काढून ठेवायची.

आणि खूळ इंग्रजांचंच कशाला? आपल्याच सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय, की जिवावर बेतलं नसेल तर भुलीखालच्या बाईच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही. ती बाई तपासणीसाठी गेली होती, जागी झाली तेव्हा गर्भाशय काढलेलं होतं. इथलं, ब्रिटनचं, सुप्रीम कोर्ट उपचाराचे धोके पेशंटला सांगायलाच हवेत यावर ठाम झालं ते 2015 मध्ये, माँटगोमेरी खटल्यात. म्हणजे इथलेही फार पुढे नव्हते! हे टाकल्यावर मामांनी 2022 चा इंग्लंडमधल्या श्रूसबरीच्या प्रसूतिसेवेचा अहवाल धाडला. आया आणि बाळं दगावली, बायकांचं ऐकून घेतलं नाही, सगळं त्यात आहे. मी तो उघडला नाही. आधीच वाचला होता.

खरं सांगायचं तर मला सगळं विचारलं आणि मी सगळ्याला 'येस' म्हणाले. अठराव्या तासाला माझं इंग्रजी संपलं होतं. भूलतज्ज्ञ एपिड्युरलचे (पाठीत देतात त्या भुलीचे) धोके एकेक करून सांगत होत्या, मला फक्त शेवटचं 'ओके?' कळत होतं. आईचा व्हिसा आला नव्हता. 'आई गं' म्हटलं की मिडवाइफ वाकून विचारायची, "सॉरी, काय म्हणालीस?" मामेबहिणीला कुणी काही विचारलं नाही, पण ती ओरडली तेव्हा खोलीतल्या प्रत्येकीला कळत होतं.

काल तिचा फोन आला. टाके ओढतायत म्हणाली. मग हळूच, "ताई, तुला तिकडं सगळं विचारत होते ना? मग तू काय म्हणायचीस?"

मी म्हटलं, "डिंकाचे लाडू खातेस ना वेळेवर?"