दादासाहेब मावळंकरांचा देव्हारा करणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या काकांनी एक मेसेज टाकला. वर हात जोडलेले, खाली तिरंगे, मथळा 'असा अध्यक्ष पुन्हा होणे नाही'. तोवर ठीक होतं. अशा मेसेजांना अंगठा दाखवून पुढे जायचं असतं, हे आता सगळ्यांना कळतं. पण काकांनी खाली पुतणीला टॅग करून लिहिलं, 'वक्तृत्व स्पर्धेला हाच विषय घे, सगळी माहिती आयती आहे, पाठ कर.' आणि तिने पाठ करायला घेतलंसुद्धा. म्हणून हे लिहिणं आलं. काका, राग मानू नका. तुम्ही लिहिलेलं नाही, फक्त पुढे ढकललं आहे, हे मला माहीत आहे.

मेसेज गणेश वासुदेव मावळंकरांबद्दल आहे. दादासाहेब. जुन्या मुंबई प्रांताच्या विधानसभेचे १९३७ पासूनचे अध्यक्ष, मग दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे, आणि १९५२ पासून लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणच्या मातीतला हा माणूस कोकणातून निवडून गेला; भगतसिंगांनी बॉम्ब टाकला तेव्हा तो खुर्चीवर निश्चल बसून होता; मुंबईत त्याने सलग नऊ वर्षं सभागृह चालवलं; प्रत्येक वेळी बिनविरोध निवडून आला; खुर्चीवर बसताच पक्षाचा राजीनामा दिला; नेहरूंना गप्प बसवलं; आणि उभ्या आयुष्यात त्याच्याविरुद्ध कुणी चकार शब्द काढला नाही. मग शेवटची ओळ, जिच्यासाठी बाकीचा सगळा प्रपंच: 'आज अध्यक्षांवर अविश्वास आणणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.'

कोकणाचं आधी उरकून टाकतो. घराणं संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं, आडनावही तिथलंच, थोडं शिक्षण राजापूरला झालं. इथवर खरं. पण दादासाहेबांचा जन्म १८८८ साली बडोद्यात झाला, १९०२ पासून त्यांचं आयुष्य अहमदाबादेत गेलं, वकिली तिथे, नगरपालिकेचं अध्यक्षपद तिथे, काँग्रेसचं काम गुजरातेत वल्लभभाईंच्या बरोबरीने, आणि निवडणुका लढवल्या त्याही अहमदाबादेतून. पुस्तक लिहिलं तेही गुजरातीत. मराठी माणूस गुजरातेत इतका रुजला हीच खरं तर सांगण्यासारखी गोष्ट होती. मेसेजवाल्याला ती अडचणीची वाटली असावी.

आता बॉम्ब. इथे मी कपाळाला हात लावला.

८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकले, तेव्हा अध्यक्षाच्या आसनावर होते विठ्ठलभाई पटेल. मावळंकर त्या सभागृहाचे साधे सदस्यही नव्हते. ते तिथे पोहोचले १९४६ साली. सतरा वर्षांचं अंतर आहे! विठ्ठलभाई त्या दिवशी पब्लिक सेफ्टी बिलावर (कम्युनिस्टांना आवर घालायला सरकारने आणलेल्या विधेयकावर) आपला निर्णय द्यायला उभे राहत होते. त्याआधी १९२८ च्या सप्टेंबरात याच विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी बरोबरी झाली होती आणि विठ्ठलभाईंनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकून ते पाडलं होतं. सरकारने ते पुन्हा आणलं. एवढं सगळं नाट्य ज्या माणसाच्या आयुष्यात घडलं त्याचं नाव पुसून दुसऱ्याचं घालायचं, ही मावळंकरांची स्तुती कशी होते? त्यांना स्वतःला तर हे मुळीच आवडलं नसतं.

आणि ही चोरी एकदाच झालेली नाही. मेसेजात 'संसदेचं सचिवालय सरकारच्या तावडीतून सोडवणारे पहिले अध्यक्ष' असंही आहे. तेही विठ्ठलभाईच. विधिमंडळाचं वेगळं खातं १९२९ च्या जानेवारीत त्यांच्या हट्टामुळे झालं. 'पहिले भारतीय अध्यक्ष' हेसुद्धा विठ्ठलभाईच, ऑगस्ट १९२५ मध्ये, रंगाचारियर यांचा ५८ विरुद्ध ५६ असा दोन मतांनी पराभव करून. पक्षाचा राजीनामा? पुन्हा विठ्ठलभाई. अध्यक्ष होताच त्यांनी स्वराज्य पक्षाशी संबंध सोडला. मेसेज लिहिणाऱ्याने दोन माणसांची दोन चरित्रं समोर ठेवून एकच माणूस तयार केलेला दिसतो.

मावळंकरांनी काँग्रेस सोडली नाही. १९५२ ची निवडणूक ते काँग्रेसच्याच तिकिटावर लढले. आणि हे त्यांनी चोरूनही ठेवलं नव्हतं. त्यांची भूमिका सरळ होती: अध्यक्षाने पक्षाच्या रोजच्या राजकारणापासून, बैठकांपासून, वादांपासून दूर राहावं, पण ब्रिटनमध्ये अध्यक्षाची जागा इतर पक्ष सहसा लढवत नाहीत, तसा संकेत आपल्याकडे रुजेपर्यंत पक्ष पूर्णपणे सोडणं व्यवहारात जमणार नाही. ही भूमिका पटो न पटो, तिच्यात प्रामाणिकपणा आहे. काँग्रेसचा राजीनामा देऊन लोकसभेच्या खुर्चीवर बसले ते नीलम संजीव रेड्डी, १९६७ साली.

मुंबईची 'सलग नऊ वर्षं' ही तर कागदावरची करामत. १९३५ च्या कायद्याखाली निवडणुका झाल्या, १९३७ च्या जुलैत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, मावळंकर १७५ सदस्यांच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९३९ च्या नोव्हेंबरात, युद्धाच्या प्रश्नावर, काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांताचा कारभार कलम ९३ खाली गव्हर्नरच्या हातात गेला आणि १९४६ पर्यंत विधानसभा भरलीच नाही. मावळंकर नावाला अध्यक्ष राहिले, मधला काही काळ तर तुरुंगात होते. सभागृह चाललं ते जेमतेम सव्वादोन वर्षं.

पण ती सव्वादोन वर्षं काय होती! मेसेजात त्यांचं नावही नाही. समोर विरोधी बाकांवर डॉ. आंबेडकर होते, स्वतंत्र मजूर पक्षाचे. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती (कोकणात सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी पद्धत) नष्ट करण्याचं विधेयक याच सभागृहात मांडलं. पुढच्या सप्टेंबरात औद्योगिक तंटा विधेयकावर ते सरकारवर तुटून पडले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याच विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप झाला. जमनादास मेहतांसारखे मुरलेले विरोधक होते, मुस्लिम लीग होती. अशा लोकांना सांभाळत, नवा कायदा, नवे नियम, पाठीमागे कुठलाही पायंडा नाही, अशा स्थितीत मावळंकर घडले. महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा जो दुसरा खंड छापला आहे त्यात त्यांची विधिमंडळातली भाषणं आहेत. पुतणीने पाठ करायचंच असेल तर त्यातलं खोतीवरचं भाषण करावं.

(मावळंकरांनंतर मुंबईच्या त्या खुर्चीवर नगरचे कुंदनमल फिरोदिया आले. त्यांच्यावर कुणी मेसेज का करत नाही कोण जाणे. मेसेजात असंही आहे की प्रांताच्या खुर्चीवरून लोकसभेच्या खुर्चीपर्यंत जाणारे मावळंकर 'एकमेव'. गुरदयालसिंग धिल्लन पंजाबातून गेले, आणि आपले शिवराज पाटील तर महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते.)

'प्रत्येक वेळी बिनविरोध.' २४ जानेवारी १९४६: मध्यवर्ती विधिमंडळात मावळंकरांना ६६ मतं, सर कावसजी जहांगीर यांना ६३. तीन मतांचा फरक. सरकारची सगळी ताकद समोर उभी असताना मिळवलेला विजय आहे तो. बिनविरोध म्हणून आपण त्याची किंमत वाढवत नाही, कमी करतो. १९४७ च्या नोव्हेंबरात संविधान सभेच्या कायदे करणाऱ्या बैठकीत मात्र त्यांच्यासमोर कुणी नव्हतं, हे मान्य. पण पहिल्या लोकसभेत, १५ मे १९५२ ला, पुन्हा मतदान झालं. समोर कोण होतं ते महाराष्ट्रातल्या माणसाने तरी विसरू नये: शंकरराव मोरे. शेतकरी कामगार पक्षाचे, सोलापूरचे खासदार. मावळंकर ३९४, मोरे ५५. कोण जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही विरोधकांनी उमेदवार दिला, कारण पहिल्याच दिवशी सभागृहात विरोध आहे हे नोंदलं जावं. म्हणजे लोकसभेच्या अध्यक्षपदाची पहिली लढत दोन मराठी माणसांत झाली. अभिमानच बाळगायचा तर हा धडधडीत मसाला समोर पडलेला होता. पण त्यात विरोधक येतो, मग तो नको.

आता ती शेवटची ओळ. मेसेजातल्या बाकीच्या चुका हसून सोडून देता येतील, ही नाही, कारण ही शाळेच्या स्टेजवरून टाळ्या घेणार आहे.

१८ डिसेंबर १९५४. लोकसभेच्या कामकाजाचा छापील वृत्तांत उपलब्ध आहे, कुणीही काढून वाचावा. त्या दिवशी बिहारचे समाजवादी सदस्य विघ्नेश्वर मिसिर यांनी अध्यक्ष मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. ठरावातले आरोप मोघम नव्हते: सभागृहातल्या सर्व गटांचा विश्वास राहील अशी निःपक्षपाती वृत्ती अध्यक्ष ठेवत नाहीत, सदस्यांचे हक्क डावलतात, आणि वादाच्या प्रश्नात सरकारी प्रवक्त्याची बाजू उचलून धरतात. आजच्या एखाद्या अध्यक्षाविरुद्धची नोटीस वाचा, भाषा ओळखीची वाटेल. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध 'चकार शब्द निघाला नाही' असं आपण मुलीकडून वदवून घेणार आहोत, लोकसभेचा पहिला असा ठराव त्यांच्याविरुद्धच होता.

आणि मग काय झालं? आभाळ कोसळलं का? उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीवर बसले, कारण आपल्याच विरुद्धच्या ठरावावर अध्यक्षाने बसायचं नसतं, हे राज्यघटनेच्या ९६ व्या कलमात आहे. चर्चा झाली. नेहरू या ठरावावर चांगलेच संतापले होते, विरोधकांना त्यांनी खडे बोल सुनावले. पण त्याच भाषणात त्यांनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना सांगितलं की हा पक्षाचा प्रश्न नाही, कुणावर व्हिपचं, म्हणजे पक्षादेशाचं, बंधन नाही, ज्याला जसं वाटेल तसं मत द्यावं. ठराव फेटाळला गेला. मावळंकर पदावर राहिले. ठराव आणणाऱ्यांना कुणी देशद्रोही ठरवलं नाही, लाज बाळगायला सांगितलं नाही.

हा रस्ता घटनेने मुद्दाम ठेवलेला आहे. लोकसभेसाठी कलम ९४, आपल्या विधानसभेसाठी १७९. चौदा दिवसांची नोटीस द्या, मांडा, बहुमत असेल तर अध्यक्ष जाईल, नसेल तर राहील. १९६६ मध्ये मधु लिमयांनी सरदार हुकूमसिंग यांच्याविरुद्ध नोटीस दिली, पुरेसे सदस्य पाठीशी उभे राहिले नाहीत म्हणून ती पुढे गेली नाही. १९८७ मध्ये सोमनाथ चॅटर्जींनी बलराम जाखड यांच्याविरुद्ध ठराव आणला. तेच चॅटर्जी पुढे स्वतः अध्यक्ष झाले, आणि चांगले अध्यक्ष झाले. यातल्या कुणाला लाज वाटायला हवी होती? अध्यक्षावर टीका म्हणजे लोकशाहीचा अपमान हे सूत्र आज एका पक्षाच्या सोयीचं असेल, उद्या दुसऱ्याच्या. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत अध्यक्ष-उपाध्यक्षांच्या खुर्चीवरून जे झालं त्यात तर दोन्ही बाजूंनी सोयीप्रमाणे हे सूत्र वापरलं आहे. त्यासाठी मावळंकरांचं नाव वापरू नका एवढंच.

राहिलं 'नेहरूंना गप्प बसवलं'. यात तथ्य आहे, आणि मेसेजात सगळ्यात भडक लिहिलेलं वाक्य अर्धं का होईना खरं निघावं याचा मला थोडा वैतागच आला. नियमात बसत नव्हतं तेव्हा त्यांनी पंतप्रधानांनाही अडवलं असे किस्से सांगितले जातात. पण किश्शांपेक्षा वजनदार गोष्ट पत्रांत आहे. अधिवेशन तोंडावर असताना किंवा नुकतंच संपल्यावर सरकार वटहुकूम काढतं, हे त्यांना अजिबात पसंत नव्हतं. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये त्यांनी लेखी कळवलं की वटहुकूम काढणं लोकशाहीला धरून नाही, अगदी तातडीची निकड असेल तरच ते समर्थनीय ठरतं. सरकारने ऐकलं का? फारसं नाही. वटहुकूम निघत राहिले. म्हणजे गप्प बसवलं असं नाही. बजावून सांगितलं, कागदावर ठेवलं. आणि शिवाय समित्या उभ्या केल्या: मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात का ते पाहणारी समिती १९५३ मधली, त्यांच्याच कारकिर्दीतली. खरं कर्तृत्व हे आहे, पण त्यावर टाळ्या पडत नाहीत.

मेसेजचा शेवट त्यांना सभागृहातच, खुर्चीवर बसल्या बसल्या मारतो. २७ फेब्रुवारी १९५६ ला ते गेले, अहमदाबादेत, हृदयविकाराने. रिकाम्या झालेल्या जागेवर त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली, आणि तिथे त्यांच्या पत्नी सुशीलाबाई निवडून आल्या. त्या मात्र खरोखरच बिनविरोध.